ओके कुणी लिहायचं?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. आमच्या भागात कुसळं जशी धोतराला, पँटीला, लुगड्याच्या काठाला चिकटतात आणि घरी येऊन टोचेपर्यंत कळत नाहीत, तसे किस्से चिकटतात. दूध संस्थेच्या ओट्यावर एक लाकडी बाकडं होतं. सकाळचं दूध गाडीत चढलं की आम्ही पाचसहा जण तिथं टेकायचो. तिथून घरी आणलेली कुसळं परवा वेचायला बसलो, तर बहुतेक एकाच शब्दाची निघाली. शब्द इंग्रजी आहे, दोन अक्षरांचा. ओके!

गाव पाटोदा तालुक्यातलं. मी तिथल्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचो आणि माझी बायको सुमन दूध संस्थेची सचिव होती. म्हणजे गावाला इंग्रजी मी द्यायचो, आणि त्याचा जाब सुमन विचारायची. ह्या किश्श्यांत एक दुष्काळ आहे, एक चारा छावणी आहे. छावणी पाऊस होईपर्यंत चालली, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर हसता हसता तुमचा जीव तिकडं अडकायचा. सुमन मात्र आता नाही. तेही आधीच सांगितलेलं बरं.

* * *

पहिला किस्सा माझाच, कारण आमच्या घरातला पहिला गुन्हेगार मीच.

गृहपाठाच्या वह्यांचा ढीग घरी आणायचा, शेवटचं पान उघडायचं, लाल पेनानं ओके, खाली सही. ओ काढताना हात उचलायचा नाही, त्याच झटक्यात पुढचं अक्षर. चाळीस वह्या एका चहात! ह्या वेगाचा मला अभिमान होता.

एकदा सुमन सहज एक वही चाळत बसली. निबंधाचा विषय 'माझे गाव'. चार ओळी इंग्रजी होत्या आणि मग मुलीनं सरळ मराठीत लिहिलं होतं, "सर, हे तुम्ही वाचत नाही असं सगळ्या म्हणतात. आमच्या बोअरचं पाणी गेलंय. मी सोमवारपासून हंडे आणते म्हणून प्रार्थनेला उशीर होतो. मला बाहेर उभं करू नका."

त्याच्याखाली लाल शाईत ओके. आणि माझी वळणदार सही.

सुमननं वही माझ्यासमोर धरली. ती चिडली नाही. म्हणाली, "उत्तर तर दिलंय तुम्ही. पाणी गेलं? ओके! बाहेर उभी राहा. ओके!"

त्या वर्षी मी सगळ्या वह्या अक्षर न् अक्षर वाचल्या. मुलीचं बाहेर उभं राहणं थांबलं. आणि मी इतकी वर्षं काय दर्जाचं इंग्रजी शिकवतोय, तेही मला कळलं!

* * *

संस्थेचे चेअरमन तात्या. शिक्षण चौथी, पण चौकशी पदवीधराच्या वरची. एके दिवशी बाकड्यावर त्यांनी विचारलं, "सर, हे ओके आलंय कुठून? इंग्रजाचं हाय का निजामाचं?"

इंग्रजीचा मास्तर म्हणून मी सावरून बसलो. सांगितलं, "अमेरिकेतून आलं म्हणतात. तिकडं कुणीतरी 'सगळं बरोबर' हे शब्द गंमत म्हणून मुद्दाम चुकीचे लिहिले, आणि त्या चुकलेल्या दोन शब्दांची पहिली अक्षरं चिकटून राहिली. कुणी म्हणतं तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषेतून आलं, कुणी म्हणतं ग्रीक भाषेतून. एकमत नाही."

तात्यांनी विडी खाली धरली. "म्हंजी चुकलेलं आसताना बरोबर हाय म्हनायचं, आसंच ना?"

"तसंच काहीसं."

"मंग अमेरिका कशाला मधी घालता? त्यो आपल्या तालुक्यातच जलमलाय!"

शकीलभाई तेव्हा संस्थेच्या दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "आमच्या ट्रकच्या मागं वालिदच्या टायमापास्नं लिव्हतेत. हॉर्न, मधी ओके, मंग प्लीज. मतलब काय? मागचा किती बी बोंबलू दे, पुढच्याचं ओकेच!"

"गप बे," तात्या म्हणाले. "माझं ऐका. ओ म्हंजी ओला, के म्हंजी कोरडा. सरकारदरबारी दुष्काळ दोनच. कोन्चा बी पडू द्या, फारमावर ओके लिव्हलं की भागलं!"

सगळे हसले. सुमन खाली बसून दूध तपासायच्या काचेच्या नळ्या धूत होती. तिनं वर न बघता विचारलं, "दूध आंबलेलं असलं की पाटोद्याच्या शीतकरण केंद्रातून कॅन परत येतो. हा शब्द कधी परत आलेला बघितलाय का कुणी?"

तात्यांनी विडी पुन्हा पेटवली.

* * *

मग तो कोरडा उन्हाळा आला. आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी घेतली. माळावर हिरव्या जाळीचे आणि पत्र्याचे मांडव, दोन हौद, ओळीनं बांधलेली जनावरं आणि त्यांच्याजवळ मुक्कामाला आलेली माणसं. लिहिण्याचं काम सुमनकडं. शाळेला सुटी लागल्यावर मी तिच्या हाताखाली.

छावणीचा प्राण चाऱ्यात नसतो, भेटवहीत असतो. तिच्यात रोजचे रकाने: चारा, पाणी, निवारा, आणि शेवटी शेरा. तपासणीला एक साहेब येत. माणूस वाईट नव्हता. घामाघूम व्हायचे बिचारे, पण जीपमधून उतरत नसत. वही जीपपाशी न्यायची. ते मांडीवर घेऊन लिहायचे: ओके, ओके, ओके.

एकदा सोमवारी आले आणि गुरुवारचंही लिहून मोकळे झाले. म्हणाले, "गुरुवारी मेव्हण्याचं लग्न आहे. तुमच्या छावणीवर आपला भरवसा आहे!"

गुरुवारी दुपारी अशी वावटळ सुटली की अर्ध्या मांडवाचे पत्रे पानासारखे उडाले. जनावरं हंबरायला लागली, माणसं दाव्यांना लोंबकळली. धूळ बसल्यावर तात्यांनी वही मागवली आणि मोठ्यानं वाचली, "गुरुवार. निवारा, ओके!"

मग लांब कुठंतरी लकाकणाऱ्या पत्र्यांकडं बघत म्हणाले, "पत्रे पाटोद्याकडं गेले, पन ओके जागचं हाललं न्हाई. मजबूत काम हाय!"

त्या दिवशी सुमननं ठरवलं, शेरा आपण लिहायचा, आणि बघून लिहायचा. साहेबांनी हवं तर खाली सही करावी.

* * *

आता गंगी. गंगी म्हणजे कौसामावशीची म्हैस. एक शिंग पुढं, एक मागं, वय मावशीलाच माहीत. दूध केव्हाच आटलेलं. लोक म्हणत, "मावशी, कावून संभाळताव हिला?" मावशी म्हणायची, "ती मला संभाळती म्हनून."

छावणीला पाण्याचा टँकर आणायचं काम आता शकीलभाईकडं होतं. त्याला लांबच्या विहिरीवरून भरायला सांगितलेलं. एके दिवशी वरून हुकूम निघाला: फेरा वाचवा, जवळच्या पाझर तलावातून भरा. तलाव म्हणजे काय, तळाला उरलेलं हिरवं सार! शकीलभाईनं हौदात पाणी सोडलं. पहिल्या दाव्याला गंगी असायची. ती आली, नाक जवळ नेलं, फुस्स केलं आणि मान फिरवली. तिच्यामागं ओळच्या ओळ थबकली.

मी म्हणालो, "मावशी, चिखलात लोळणारी जात ही. हिला कसला आलाय वास?"

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी नापास झालेला! "सर, लोळायचं येगळं आन् प्यायाचं येगळं. मान्साला न्हाई कळत ते. तिला कळतंय."

सुमननं हौदातलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, सोडून दिलं. वही उघडली. पाणी ह्या रकान्यापुढं शेरा लिहिला, "गंगीने नकार दिला."

शकीलभाई टँकरला टेकून उभा होता. "ताई, मी वर काय सांगू?"

"गंगी नाही म्हणाली म्हणून सांग."

तो हसला नाही. टँकर सुरू केला, वळवला आणि लांबच्या विहिरीवर गेला. पाणी यायला दुपार झाली. तोवर माणसांनी घरचे हंडे आणून जनावरांच्या जिभा ओल्या ठेवल्या. चांगलं पाणी हौदात पडलं, तेव्हा गंगीनं इतका वेळ तोंड घातलं की मागच्या ओळीनं आरडाओरडा केला!

* * *

रोज हेच. सकाळचा हुकमाचा टँकर तलावाचा, त्यावर गंगीचा नकार, मग शकीलभाईचा लांबचा फेरा. छावणीचा नियमच झाला. टँकर यायचा, शकीलभाई थोडं पाणी हौदात सोडून स्टिअरिंगवर जाऊन बसायचा. गंगीनं मान घातली तर तो उतरून नळी पूर्ण सोडायचा. मान फिरवली, की एक शब्द न बोलता टँकर चालू!

चौथ्या दिवशी बिचाऱ्यानं युक्ती केली. पाण्यावर मूठभर सरकी पेंड भुरभुरली. "गंगी आपा, आज तरी पी ना! डिझेलचा हिशेब मला मागतेत!" गंगीनं वरची पेंड अलगद जिभेनं उचलली, मिटक्या मारत खाल्ली आणि मान फिरवली.

तात्या म्हणाले, "बघ बे. लाच बी खाल्ली आन् सही बी न्हाई केली. आसा प्रामानिक अधिकारी म्या पयल्यांदा बघितला!"

ही बातमी पार दुसऱ्या तालुक्यात, चकलांब्याच्या पाहुण्यांपर्यंत गेली. शेजारच्या छावणीचा माणूस तर मोटारसायकलवर आला आणि अदबीनं म्हणाला, "सुमनताई, आमचं बी पानी वास मारतंय. पन आमच्याकडं नको म्हनायला कुनी न्हाई. तुमची म्हैस दोन दिस डेप्युटेशनवर मिळंल का?"

कौसामावशी म्हणाली, "तिचा भत्ता परवडायचा न्हाई तुमास्नी. तुमी तुमची तयार करा."

* * *

बारा दिवस वहीत गंगीचा नकार पडला. तेराव्या दिवशी वरून चिठ्ठी आली, "शेऱ्याच्या रकान्यात जनावराचे मत नोंदवू नये." सुमननं ती चिठ्ठी वहीत डकवली आणि त्याच दिवसाच्या पानावर लिहिलं, "चिठ्ठी मिळाली. गंगीला वाचून दाखवली. पाणी प्यायली नाही."

त्याच दुपारी साहेब आले. जीपमधूनच बोलले, पण आवाज नरम होता. "बाई, तलावाचं पाणी योग्य म्हणून मी कागद दिलाय. तुमच्या वहीत रोज नाही. वर दोन्ही कागद एका टेबलावर येणार! तुमच्या छावणीची मुदत संपत आलीय. मुदतवाढ मी अडवत नाही, पण ही पानं अशी असतील तर ती अडेल. उद्यापासून लांबच्या विहिरीचं पाणी घ्या, माझी हरकत नाही. फक्त मागचं दुरुस्त करा. एक शब्द तर लिहायचाय. दोन अक्षरं!"

सुमन म्हणाली, "साहेब, 'नाही' पण दोनच अक्षरं आहेत."

जीप गेली. दुसऱ्या दिवसापासून पाणी विहिरीचं यायला लागलं आणि गंगी प्यायला लागली. मागची पानं तशीच राहिली. मुदतवाढीचा कागद आला नाही. छावणीतली माणसं रोज संध्याकाळी तात्यांना विचारायची, "दावं सोडावं लागतंय का?" दावं सोडून जायचं कुठं, हे कुणी विचारत नव्हतं.

मी घरी सुमनला म्हणालो, "एवढ्या जनावरांचा प्रश्न आहे. लिहून टाक."

ती म्हणाली, "त्या पोरीचाही प्रश्नच होता. तुम्ही लिहून टाकलं होतं."

* * *

तिचं दुखणं वर्षभराचं होतं. छावणीत ती अंगावर काढत होती. त्या आठवड्यात ते उठलं आणि तिला बीडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

तिथला डॉक्टर तरुण, चपळ. दारातून आत येतानाच म्हणायचा, "ओके ना मावशी?" आणि उत्तर यायच्या आत पुढच्या खाटेवर! दोन दिवस सुमननं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यानं "ओके ना?" म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "थांबा. विचारलंत ना? मग उत्तर घेऊन जा."

डॉक्टर थांबला. स्टूल ओढून बसला. तिनं कुठं दुखतं, केव्हापासून, रात्री काय होतं, सगळं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं, "मावशी, तुम्ही शिक्षिका का?"

"नाही. मास्तर हे आहेत. मी दुधाचं फॅट बघते."

पुढं रोज तो आधी स्टूल ओढायचा आणि मग विचारायचा. शेवटच्या दिवशीही स्टूल ओढून बसला. त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही.

* * *

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी छावणीत गेलो. घरात बसवत नव्हतं. वही तात्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, "आक्षर तुमचं बरं हाय. मुदतवाढ यीस्तवर लिव्हा."

थोड्या वेळानं साहेब आले. त्या दिवशी प्रथमच जीपमधून खाली उतरले. माझ्या शेजारी टेबलाशी बसले. "सर, फार वाईट झालं," म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. नंतर पिशवीतून एक कोरी वही काढली.

"जुनी जमा करून टाकू. ह्या नव्या वहीत पहिल्यापासून उतरवा. ते तेरा दिवस तेवढे ओके. आज लिहिलंत तर उद्या मुदतवाढ. बाईंचा स्वभाव मानी होता, मी समजू शकतो. पण आता..." त्यांनी वही माझ्याकडं सरकवली. "माझी पुतणी तुमच्याच शाळेत होती, सर. तुमच्या हाताला ह्या शब्दाची सवय आहे."

मांडवात माणसं उभी होती. कुणी मला लिहा म्हणालं नाही, लिहू नका म्हणालं नाही. त्यांची जनावरं त्यांच्यामागं होती. मी पेनाचं टोपण काढलं. नव्या वहीचा कागद छान गुळगुळीत होता. जुनी वही शेजारी होती. तिच्यावर हौदाच्या पाण्याचे डाग, पेंडीचे कण आणि सुमनचं बारीक अक्षर.

मी टोपण परत लावलं. म्हणालो, "साहेब, ते तेरा दिवस सुमन हौदापाशी होती. पहिला दिवस सोडला तर मी इथं टेबलावर चाऱ्याच्या पावत्या लिहीत होतो. न बघितलेल्यावर लिहायचं मी सोडलंय."

"मग बघितलंय कुणी?" साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकला होता. "बाई गेल्या. ह्या पानांना आता साक्ष कुणाची?"

तोवर शकीलभाईचा विहिरीच्या पाण्याचा टँकर येऊन हौदाशी लागला होता. तो स्टिअरिंगवर बसून नेहमीप्रमाणे वाट बघत होता. कौसामावशीनं गंगीचं दावं सोडलं; पण तिला हौदाकडं नेलं नाही, सरळ टेबलापाशी आणलं. साहेबांनी खुर्ची मागं घेतली.

मावशी म्हणाली, "लिव्हलं सुमननं. म्हननं हिचं व्हतं. साक्ष ही देती. इचारा हिला."

"मावशी, अहो, काहीतरीच काय..."

"इचारा की! घाबरता कावून?"

गंगीनं मान खाली घातली. आधी जुनी वही हुंगली. सावकाश, कडेकडेनं हुंगली आणि जिभेनं एकदा चाटली. मग नव्या कोऱ्या वहीवर नाक नेलं, फुस्स केलं आणि मान फिरवली.

हौदापाशी शकीलभाईनं ते बघितलं, आणि एक शब्द न बोलता टँकर चालू केला.